जुना टॅब लगेच रिसेट मारू नका, हात जोडून सांगते

आज संध्याकाळी परभणीत स्टेशन रोडच्या एका मोबाईलच्या दुकानात चार्जरची वायर आणायला गेले होते. पाच मिनिटांचं काम. घरी यायला दीड तास लागला, आणि जेवण झालं तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसले.

काउंटरपाशी एक गुरुजी उभे होते. पांढरा पायजमा, वर सदरा, खांद्याला कापडी पिशवी. पाथरीकडच्या गावातून एसटीनं आलेले, मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले. पोरानं पुण्याहून पैसे पाठवले म्हणून नवीन टॅब घेतला होता. जुन्याची स्क्रीन कोपऱ्यात तडकलेली, पण चालू होता. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, जुना इथंच ठेवून जा, हजार रुपये कमी लावतो. रिसेट मारून सगळं पुसून घेतो." गुरुजींनी विचारलं, "त्यातलं माझं सगळं याच्यात येईल ना बाबा?" पोरगा मान वर न करता म्हणाला, "सगळं क्लाऊडला ऱ्हातंय काका. मेल टाकला की आपोआप येतंय."

मला एकदम घाम फुटला. कारण गेल्या दिवाळीत मी माझ्या आईला अगदी हेच म्हणाले होते. आपोआप येतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. माझी मावशी गंगाखेड तालुक्यात राहते. जनाबाईच्या गंगाखेडात. मावशीला जात्यावरच्या ओव्या यायच्या, तिच्या सासूकडून आलेल्या, आजीकडून आलेल्या, काही तिच्या स्वतःच्या. दोन वर्षांपूर्वी आई तिच्याकडे आठ दिवस राहिली आणि रोज पहाटे टॅबच्या रेकॉर्डरमध्ये एकेक ओवी भरून घेतली. एकूण ३८ रेकॉर्डिंग. जात्याची घरघर, मध्येच कोंबडा, काकांचा खोकला, एका ठिकाणी तर मावशी गाता गाता थांबून "थांब गं, पीठ सांडायलंय" म्हणते तेही. आई भाकरी थापताना ते लावायची. तिला नंबर पाठ होते. "तेरावी लाव गं," म्हणायची.

दिवाळीत दादानं पुण्याहून ऑनलाइन नवीन टॅब पाठवला, जुना एक्सचेंजमध्ये. डिलिव्हरीवाला दारात गाडी चालू ठेवून उभा. जुना रिसेट करून, अकाउंट काढून द्या म्हणाला. मी नवीन टॅबवर आईचा मेल टाकला. फोटो दिसायला लागले, नंबर आले, यूट्यूब लागलं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "रेकॉर्डिंग आल्या का?" मी म्हणाले, "आपोआप येतंय गं," आणि जुन्यावर रिसेट दाबलं.

फोटो-व्हिडिओ झाडून सगळे आले. ओवी एक नाही.

फोटो सांभाळणारं ॲप फोटो आणि व्हिडिओ वर चढवतं. रेकॉर्डरमधला आवाज टॅबच्या पोटात एका फोल्डरमध्ये पडून असतो. कुणी मुद्दाम उचलून गुगल ड्राइव्हवर नाहीतर पेनड्राइव्हमध्ये टाकला तर टिकतो, नाहीतर रिसेटबरोबर गेला. गेला म्हणजे कायमचा गेला, कारण आजकालच्या मशिनमध्ये सगळं कुलूपबंद असतं आणि रिसेट मारला की ती किल्लीच पुसली जाते. माझं कामच डेटा एंट्रीचं आहे. दिवसभर फायली इकडच्या तिकडे करते. मला हे कळायला पाहिजे होतं. आई एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच मला आजपर्यंत खातंय.

तर आज मी मध्ये पडले. "दादा थांब, रिसेट नको मारू." पोरगा चिडला. "मॅडम, तुमचं काय हाय याच्यात?" मी म्हणाले, माझं काही नाही, यांचं आहे, पाच मिनिटं दे. गुरुजींना स्टुलावर बसवलं आणि त्यांच्यासमोर जुना टॅब उघडला.

पहिल्यांदा व्हॉट्सॲपची सेटिंग. शेवटचा बॅकअप, म्हणजे गुगलवर चढवलेली प्रत, १४ महिन्यांपूर्वीची! गुगलची फुकटची जागा १५ जीबी, त्यात मेल, फोटो, ड्राइव्ह सगळे वाटेकरी. व्हॉट्सॲपचा बॅकअप आधी यात मोजत नव्हते, २०२४ पासून मोजायला लागले. गुरुजींची जागा सुप्रभातच्या व्हिडिओंनी कधीच भरून गेलेली. तेव्हापासून बॅकअप बंद, आणि त्यांना पत्ताच नाही. आणि त्या १४ महिन्यांत काय होतं? काकूंचे सगळे रिपोर्ट. हृदयाच्या तपासण्या, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं पोरानं आणि लॅबवाल्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेलं. पुढच्या तारखेला संभाजीनगरच्या डॉक्टरांनी जुने रिपोर्ट घेऊन या म्हणून सांगितलंय. गुरुजींची समजूत अशी की ते "टॅबमध्ये आहेत". हो, होते. त्याच तडकलेल्या टॅबमध्ये होते, जो हजार रुपयांत चालला होता.

मग मेल. पासवर्ड विचारला तर म्हणाले, पुतण्यानं करून दिला होता. पुतण्यानं स्वतःचा नंबर टाकलेला. तो नंबर बंद होऊन दोन वर्षं झाली. आता बघा, नवीन टॅबवर तो मेल टाकला की गुगल जुन्या टॅबवर विचारतं, हे तुम्हीच का? तिथं हो म्हणलं की दार उघडतं. म्हणजे गुरुजींच्या घराची एकच किल्ली उरली होती, ती त्या जुन्या टॅबमध्ये, आणि पोरगा तीच वितळवायला निघाला होता. वर बंद झालेल्या नंबरचं काय होतं माहीत आहे का? कायमचा बंद झाल्यावर ९० दिवसांनी कंपनी तो दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. गुरुजींचा ओटीपी उद्या कुणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजेल.

आणि व्हॉट्सॲपचं सिम? ते घरी बटणाच्या फोनमध्ये, फोन कपाटात. नवीन टॅबवर व्हॉट्सॲप चालू करायचं तर सहा आकडे त्या फोनवर येणार, पाथरीच्या पुढं गावात. इथं परभणीत उभं राहून ते कोण वाचून दाखवणार? काकूंना मेसेज उघडता येत नाही. हे सगळं त्या पोरानं एका तासात "सेट करून देतो" म्हणलं होतं.

त्या पोरावर मी ओरडले ते चुकलं, मान्य. महिन्याला किती मिळत असतील त्याला, आणि मागं चार गिऱ्हाईकं उभी होती. पण सांगता येत होतं ना की काका, घरून सिम घेऊन या, मग करू? एवढं एक वाक्य.

खरा राग माझा पुण्यातल्या पोरांवर आहे. हो, तुमच्यावर. माझ्या दादावर पण, तो हे वाचणार आहे आणि वाचू दे. तुम्ही टॅब पाठवता, कंपनीच्या नावाचं खोकं घरी येतं, तुम्ही व्हिडिओ कॉल लावून "आवडला का" विचारता आणि तुमचं कर्तव्य संपतं. वस्तू पाठवणं सोपं असतं रे. त्या वस्तूत आईबापाचं दहा वर्षांचं सामान हलवून देणं, त्याला वेळ लागतो, त्याला शेजारी बसावं लागतं. घर बदलताना तुम्ही म्हणता का की नवीन घराची किल्ली घ्या, जुनं पाडून टाकतो, भांडी आपोआप येतील?

तुम्ही म्हणाल, सुट्टी मिळत नाही, हप्ते आहेत, पाच-सात तासांचा प्रवास आहे. ठीक आहे, मिळत नसेल. मग जुनं मशिन एक्सचेंजला लावू नका, एवढंच करा. त्या हजार-दीड हजारात काय बंगला बांधणार आहात? जुना टॅब महिनाभर घरात राहू द्या. दिवाळीला याल तेव्हा बसा.

आणि हे कुणी हौसेचं समजू नका. २०२१ पासून पिकाची नोंद बांधावर उभं राहून मोबाईलनं फोटो काढून करायची झाली. पीएम किसानची ई-केवायसी आहे, आधारचा ओटीपी आहे, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला आहे. आपल्या मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला लॉगिन म्हणजे आता रेशन कार्डाइतकं झालंय. ते हरवलं की माणूस तालुक्याला चार चकरा मारतो. नेटवर्कसाठी मारुतीच्या पारावर जाऊन उभा राहतो, आणि तिथं ओटीपी येतो तेव्हा त्याची वेळ संपलेली असते.

ओटीपी, पिन, सिमची सक्ती हे सगळं फसवणूक थांबवायला आहे, हे मला कळतं. आमच्याच गल्लीत एकाचे पैसे गेले. पण कुलूप लावणाऱ्यानं म्हाताऱ्याच्या हाताचा पण विचार करावा, एवढं मागणं जास्त आहे का?

आता ज्यांना खरंच करायचंय त्यांच्यासाठी लिहिते, कारण आज गुरुजींना कागदावर हेच लिहून दिलं. आधी जुना चार्ज करा आणि बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका. मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा की परत मिळवण्यासाठी नंबर कुणाचा टाकलाय, आणि आत्ताच, जुनं मशिन चालू असतानाच, स्वतःचा चालू नंबर टाका. व्हॉट्सॲपच्या बॅकअपची तारीख बघा. जागा भरली असेल तर मोठे व्हिडिओ उडवा, मग हातानं बॅकअप घ्या, वायफायवर, वेळ लागला तरी. व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांचा पिन टाकलेला असेल तर तो आठवतो का ते आजच तपासा, विसरला आणि ईमेल जोडलेला नसेल तर सात दिवस वाट बघायला लागते. नवीन ठिकाणी मेल तोच पाहिजे, नंबर तोच पाहिजे, आणि रिस्टोर करू का असं विचारलं की घाईत स्किप दाबू नका. तिथं स्किप दाबलं की ॲप काढून पुन्हा टाकायची पाळी येते.

यूपीआय वेगळं. त्याला बँकेत दिलेल्या नंबरचं सिम त्याच मशिनमध्ये लागतं, कारण मेसेज तिथूनच जातो. नुसत्या वायफायच्या टॅबवर ते होणार नाही, त्यासाठी म्हाताऱ्यांना दुकानादुकानांतून फिरवू नका.

आणि फाइल्स उघडून 'ऑडिओ' बघा. हे कुणीच बघत नाही. डाउनलोड बघा, डॉक्युमेंट बघा, नोट्सचं ॲप बघा. मग आईला, बापाला समोर बसवून विचारा की तुम्ही यात रोज काय उघडता. मला काय लागतं ते नाही, त्यांना काय लागतं ते. मी आईला हे विचारलं असतं, तर तिनं दुसऱ्याच शब्दाला सांगितलं असतं. तिनं तर न विचारता सांगितलं होतं!

मागे मी हे कुणापाशी बोलले तेव्हा ते म्हणाले, ओव्या काय, जपलेल्या आहेत की. आहेत. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्या आज इंटरनेटवर ऐकायला पण मिळतात. त्या कामापुढं मी डोकं टेकवते. पण त्यात माझ्या मावशीचं सांडलेलं पीठ नाही.

दिवाळीनंतर मी आईला घेऊन गंगाखेडला गेले होते. म्हणाले, मावशी, परत म्हण. मावशीचा उजवा खांदा धरलाय, जातं ओढवत नाही. ओट्यावर बसून आठवून आठवून म्हणायला लागली. दोन ओळी म्हणायची आणि थांबायची. हात नकळत गोल फिरायचा, आणि तेवढ्यापुरती पुढची ओळ यायची. १७ भरल्या. आई शेजारी बसून एकेक आठवण करून द्यायची, "अगं अक्का, ती भावाची, ती मळ्यातली," आणि मावशी म्हणायची, "तू ऐकलीस न्हवं, मग तूच म्हण की." आईला चाल येते, शब्द येत नाहीत. तिला वाटलं होतं, आता मशिनमध्ये आहेत, पाठ कशाला करायच्या.

त्या १७ आता तीन ठिकाणी आहेत. माझ्याकडे, ड्राइव्हवर, आणि एका पेनड्राइव्हमध्ये, जो आईनं देवघरात हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलाय. दादालाही पाठवल्यात. अजून ऐकल्या नसतील तर ऐक रे.

गुरुजी आज दोन्ही टॅब पिशवीत घालून सातच्या गाडीनं गेले. हजार रुपये जास्तीचे भरले, एक शब्द न बोलता. जाताना माझा नंबर एका छोट्या वहीत लिहून घेतला, अक्षर असं की शाळेतल्या फळ्यावर शोभावं. रविवारी बटणाचा फोन आणि काकूंना घेऊन येतो म्हणाले. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, त्या बाईंना जिना चढवू नको, खालच्या खोलीतच बसवू. आणि मग हळूच म्हणाली, "त्यांच्या टॅबमधले आवाज पण बघशील ना?"

बघणार आहे. सगळ्यात आधी तेच.