राइडच्या धक्क्यावरून मांडव्याकडे बघताना

आईला हॉवरक्राफ्टमध्ये बसायचं होतं. अलिबागहून निघायच्या आधीच माझ्या भावाने तिला फोनवर त्या बोटीचा व्हिडिओ दाखवून ठेवला होता. खाली काळा रबरी घोळ, पाठीवर दोन मोठे पंखे, आणि ती बोट पाण्यावरून सुसाट येऊन न थांबता थेट किनाऱ्यावर चढते. "तुझ्या लेकीच्या घरापासून दोन तासांवर आहे हे," तो तिला म्हणाला. मग फोनवर मला त्याचं नेहमीचं: "आणि आम्ही अजून लाँचमध्ये तासभर."

त्याचं म्हणणं थोडक्यात सांगते, कारण गेलं वर्षभर आमचा फोनवर हाच वाद चालू आहे. मुंबईच्या तिन्ही बाजूंना पाणी असून माणसं रस्त्यावर तुंबून बसतात. अटल सेतू झाला, रेवस-करंजा पुलाचं काम चाललं आहे, पण पाण्यावरचा प्रवास आहे तिथेच आहे. बेलापूरची वॉटर टॅक्सी फेब्रुवारी २०२२ मध्ये वाजतगाजत सुरू झाली आणि प्रवाशांअभावी रोडावली. नव्वदच्या दशकात मुंबई आणि नवी मुंबईच्या मध्ये चक्क हॉवरक्राफ्ट धावत होती, तीही बंद पडली. भावाच्या मते आपण वेगाला घाबरतो, म्हणून मागे राहतो. दहा मिनिटांत समुद्र पार करणारी बोट इंग्लंडमध्ये रोज धावते, मग मांडव्याला का नाही?

मी इंग्लंडमध्ये वोकिंगला राहते. इथून पोर्ट्समथची गाडी सव्वा तासात समुद्राला लागते आणि समोर आइल ऑफ वाइट हे बेट दिसतं. मधल्या सॉलेंटच्या सामुद्रधुनीवर पूल नाही, बोगदा नाही. रेल्वेने आलेल्या माणसापुढे तिथे दोन वाटा असतात. पोर्ट्समथ हार्बर या शेवटच्या स्टेशनात उतरून शेजारच्या धक्क्यावरून कॅटमरान, म्हणजे जोड-सांगाड्याची वेगवान बोट पकडायची, ती २२ मिनिटांत बेटावरच्या राइड गावाला पोचवते. नाहीतर एक स्टेशन आधी पोर्ट्समथ अँड साउथसीला उतरून बसने साउथसीच्या किनाऱ्यावर जायचं आणि हॉवरक्राफ्ट पकडायची. तिला साधारण १० मिनिटं लागतात. कागदावर हॉवरक्राफ्ट बारा मिनिटांनी पुढे आहे. पण बसची वाट बघणं, बसचे थांबे, वेळेआधी हजर राहणं हे सगळं धरलं की ती बारा मिनिटं बहुतेक वेळा तिथेच संपतात. बेटावर जाण्याआधी मी आठ-दहा वेळा तरी हा हिशेब मांडला असेल. सोबत ७१ वर्षांची आई, दोन बॅगा आणि डब्यातलं जेवण असेल तर माझं उत्तर दर वेळी कॅटमरान हेच येतं.

त्या दिवशी मात्र प्रश्न वाऱ्यानेच सोडवला. सकाळपासून नैर्ऋत्येचा वारा होता आणि दुपारपर्यंत हॉवरक्राफ्ट सुटणार नाही असं कळलं. हवेच्या गादीवर तरंगणाऱ्या बोटीला लाट फार सोसत नाही. आई हिरमुसली. भावाला कळवलं तर त्याचं उत्तर आलं, "एवढ्याशा वाऱ्याने?" ते वाचून आईच म्हणाली, "नाही सोडली तर बरंच केलं. रामदासच्या वेळी सोडली नसती तर?" आमच्याकडे पाण्यावरच्या हवेचा विषय निघाला की १७ जुलै १९४७ निघतोच. मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आईचा जन्म नंतरचा, पण तिच्या माहेरच्या आळीत तो दिवस कुणी विसरू दिला नाही. बोट आज सुटणार नाही, हे ज्याला वेळेवर सांगता येतं त्याच्यावर माझा विश्वास बसतो. वक्तशीरपणाइतकाच मी तोही सेवेचा गुण मानते.

हार्बर स्टेशनात गाडी थांबली आणि आई दारातच थबकली. "अगं, ही तर पाण्यात येऊन थांबली." खरंच तसं आहे. १८७६ सालचं हे स्टेशन खांबांवर, पाण्याच्या वर उभं आहे. फलाटावरून बाहेर आलं की दोन-तीन मिनिटांत बोटीचा दरवाजा. रस्ता ओलांडायचा नाही, रिक्षा-टॅक्सी शोधायची नाही. बॅगेची चाकं एकदाही मातीला लागली नाहीत. आईला बोट लागते, म्हणून तिने आवळासुपारी तोंडात टाकली, पदर खोचला आणि मधली जागा धरली. बोट धक्क्यावरून सुटेपर्यंत ती डोळे मिटून होती. मग जुनी युद्धनौका दाखवायला मी तिला हाक मारली, तेव्हापासून ती खिडकीला नाक लावून.

पलीकडे बोट लागते ती राइडच्या लांबलचक धक्क्याच्या टोकाला. धक्क्याची लांबी सातशे मीटर. एवढा लांब का, ते ओहोटीला कळतं. पाणी मागे हटलं की राइडसमोर नजर जाईल तिथवर वाळूच वाळू. १८१४ मध्ये हा धक्का झाला. त्याआधी माणसं बोटीतून हमालाच्या पाठीवर उतरत आणि पुढे घोडागाडीतून त्या ओल्या रेतीवरून गावात येत. हे मी आईला सांगत होते, तर तिने मध्येच तोडलं. "आमच्या आजीची हीच कथा गं. बोट लांब उभी, मग पडाव, मग खलाशाच्या खांद्यावर." कोकणच्या बोटींचं ते सगळं तिने ऐकलेलं, मी पुस्तकात वाचलेलं. फरक एवढाच की राइडकरांनी त्या वाळूवर धक्का बांधला, आणि १८८० मध्ये त्याच धक्क्यावरून रेल्वेही समुद्रात आणली. बोटीतून उतरलेला माणूस चार पावलांवर गाडीत बसतो, तो तेव्हापासून.

गाडीही खास आहे. बेटावरचा बोगदा ठेंगणा, त्यामुळे तिथे लंडनच्या भुयारी रेल्वेचे जुने डबे आणून चालवतात. १९३८ सालचे डबे जानेवारी २०२१ पर्यंत धावत होते. आता आहेत तेही लंडनच्या डिस्ट्रिक्ट लाइनवरून निवृत्त झालेलेच, नवी यंत्रणा बसवलेले. आईने दांडी धरली आणि म्हणाली, "लोकलच आहे की." पण मला तिला दाखवायचं होतं ते ब्रेडिंग स्टेशन. ही एकेरी लाइन. गाड्या आधी एकदा २० मिनिटांनी आणि एकदा ४० मिनिटांनी सुटायच्या, त्यामुळे बोटींशी मेळ बसायचा नाही. बोट आली की गाडी नुकतीच गेलेली. २०२१ मध्ये ब्रेडिंगला दोन गाड्या एकमेकींना ओलांडतील अशी जास्तीची लाइन पुन्हा टाकली, आणि सारख्या अर्ध्या तासाच्या अंतराने गाड्या सोडणं शक्य झालं. त्यात प्रवासाचा एक मिनिटही वाचला नाही, वाचलं ते ताटकळणं. भावाला माझं सांगणं हेच आहे. आपल्याकडे जलवाहतुकीची चर्चा निघाली की बोटीचा वेग विचारतात, ब्रेडिंगच्या लाइनीसारखा प्रश्न कुणी विचारत नाही.

हॉवरक्राफ्टला मी कमी लेखत नाही. संध्याकाळी वारा पडला, तेव्हा परतीचं तिचं तिकीट वेगळं काढून आईची हौस पुरी केली. राइडला ती अगदी गावाला चिकटून लागते. रुळांवरचा पादचारी पूल उतरला की बसस्थानक आणि एस्प्लनेड स्टेशन शेजारीच. कुणाला बसने बेटावरच्या न्यूपोर्टला जायचं असेल, किंवा बेटावरच्या माणसाला इस्पितळातली वेळ गाठायला पोर्ट्समथला जायचं असेल, तर त्याच्यासाठी तीच सोयीची. आम्ही बसलो, पंखे घरघरले, आणि फरशीवर बसलेली ती बोट घोळात हवा भरून उभी राहिली, बसलेला उंट उठतो तशी. आईने माझं मनगट धरलं. काचांवर तुषारांचा एवढा मारा की बाहेरचं काही दिसेना. दहा मिनिटांनी साउथसीच्या उतारावर तिने बसकण मारली तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जे हसू होतं, त्यासाठी मी ते तिकीट पुन्हा काढीन.

या यंत्राचं माहेरही हेच बेट. ख्रिस्तोफर कॉकरेल या इंग्रज अभियंत्याने मांजराच्या खाण्याचा डबा कॉफीच्या डब्यात बसवला, फटीतून हवा सोडली आणि तिचा दाब स्वयंपाकघरातल्या तराजूवर मोजला. त्यातून झालेली पहिली हॉवरक्राफ्ट ईस्ट काउजच्या सॉन्डर्स-रो कारखान्यात तयार झाली आणि जुलै १९५९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून आली. पुढे मोटारी पोटात घेणाऱ्या अजस्र हॉवरक्राफ्ट डोव्हरहून फ्रान्सला १९६८ पासून धावल्या आणि २००० मध्ये थांबल्या. उघड्या समुद्रात, इंधन पिणाऱ्या यंत्राला पुढे समुद्राखालच्या रेल्वे-बोगद्याशी स्पर्धा करता आली नाही. राइडची टिकली, कारण तिथे समोर वाळू आहे. जिथे ओहोटीला साधी बोट किनाऱ्याला लागू शकत नाही तिथेच हिचं खरं काम. जपानमध्ये ओइता शहरातून विमानतळाला जायला उपसागर ओलांडणारी सेवा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथल्या बोटीही साउथसीला धावतात त्याच बनावटीच्या आहेत. आपल्या तटरक्षक दलाला हॉवरक्राफ्ट लागतात त्याही उथळ पाणी आणि दलदलीसाठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा सहा बोटींचं कंत्राट गोव्याच्या चौगुले कंपनीला मिळालं.

म्हणजे यंत्र आपल्याला परकं नाही, आणि ते आपल्याकडे बनवताही येतं. पण ते कुठे लावायचं? मांडव्याला तर नक्कीच नको. तिथे जेट्टी आहे, पाणी आहे, आणि पावसाळ्यात जे उधाण असतं त्यात लाँचच तीन महिने बंद असतात. हॉवरक्राफ्टने तिथे काय करायचं? जून ते ऑगस्ट चालू शकते ती मोटारींसकट माणसं नेणारी रो-रो बोट, कारण ती जड आहे. अलिबागकराला मार्च २०२० पासून खरी मदत तिचीच झाली. चिखलाच्या खाड्यांसाठी, बेलापूरच्या बाजूला, कुणी हॉवरक्राफ्टचा हिशेब पुन्हा मांडणार असेल तर मी तो मन लावून वाचीन. पण त्यात पहिलं पान उतरल्यानंतरच्या बसचं असावं, पंख्यांचं नको.

इथलं सगळं गोड आहे असं भावाने समजू नये. पोर्ट्समथहून राइडला जाणाऱ्या बोटी पूर्वी रेल्वेच्याच होत्या. १९८४ मध्ये त्या खासगी हातांत गेल्या आणि आता भाड्यावर सरकारचं बंधन नाही. बेटावरच्या लोकांची त्यावर कडवट तक्रार आहे आणि ती खरी आहे. शेवटची बोट चुकली तर रात्र पोर्ट्समथला काढायची वेळ येऊ शकते, आणि आई आजारी असलेल्या माणसाला भाडं परवडत नाही म्हणून घरी जाणं पुढे ढकलावं लागतं, हे कुठल्याही देशात वाईटच. पण रेल्वेच्या काळातली एक चांगली गोष्ट त्या विक्रीतूनही वाचली. वोकिंगच्या खिडकीवर मी बेटावरच्या शँकलिनचं तिकीट मागते, तेव्हा त्यात मधल्या समुद्राचंही भाडं धरलेलं असतं. एक तिकीट, दोन गाड्या, एक बोट.

आणि याचा अर्धा भाग तर आपल्याकडे कितीतरी वर्षं आहे! गेटवेला लाँचचं तिकीट काढलं की मांडव्याहून अलिबागची बस त्यातच येते. हे मी इथल्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्यांना नवल वाटतं. लहानपणी मला तो जगाचा नियमच वाटायचा. बोटीतून उतरायचं, बस उभी असते, माणसं भरली की सुटते. अडतं ते मुंबईच्या बाजूला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई वन ॲप आलं. लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट आणि आसपासच्या पालिकांच्या बस मिळून ११ सेवा एकत्र. ही फार चांगली सुरुवात आहे. पण त्या अकरांत लाँच नाही. कर्जतहून निघालेल्या माणसाला लोकलचं तिकीट एकीकडे, सीएसएमटीहून गेटवेच्या टॅक्सीचं भांडण दुसरीकडे, लाँचची रांग तिसरीकडे. रो-रो धरायची तर भाऊच्या धक्क्याला जाणं आणखी जिकिरीचं. त्यात लाँच पाच मिनिटांनी लवकर पोचली काय आणि उशिरा काय?

आई परत गेल्यावर मी भावाला एक काम सांगितलं. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतर आणि भाऊच्या धक्क्यापर्यंत चालत जा, आईला घेऊन आलायस असं समजून. त्याने एका शनिवारी ते केलं. वीस-पंचवीस मिनिटं, ट्रक चुकवत, मासळीच्या पाण्यातून, बॅग उचलून धरून, आणि रो-रो कुठे लागते हे दाखवणारी पाटी त्याला एकदाही दिसली नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला. हॉवरक्राफ्टचं नाव त्याने काढलं नाही. "ताई, तिथे एक छोटी बस लावली तरी पुरे," म्हणाला, "प्रत्येक रो-रोच्या आधी अर्धा तास, स्टेशनच्या दारातून. अर्ज कुणाला करायचा असतो, बंदराला की बेस्टला?"

मी दोघांनाही करायला सांगितलं आहे. मजकूर आम्ही मिळून लिहितो आहोत. त्याला आईचं वय आणि दोन बॅगांचं वजनही जोडायचं आहे.