मेंढीला दाद

माझ्या नकाशाला आजवर मिळालेली एकमेव दाद एका मेंढीने नेली. त्या मेंढीत माझ्या कोडची एक ओळसुद्धा नाही.

नकाशा म्हणजे 'वॉरक्राफ्ट ३' या संगणकावरच्या खेळात खेळायला आपण बनवलेलं मैदान. खेळ २००२चा, म्हणजे परीक्षक म्हणून बसवलेल्या माझ्या भाच्यापेक्षा वयाने मोठा. याच्याच नकाशे बनवायच्या एडिटरमध्ये 'डोटा' नावाचा नकाशा बनला आणि त्यातून खेळांचा आख्खा एक प्रकार निघाला. तेव्हापासून एडिटर उघडणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आता नंबर आपला. माझी अपेक्षा माफक होती. नायक दरीत शिरला की समोर सैनिकांचं अर्धवर्तुळ उगवावं आणि प्रत्येकाचं तोंड नायकाकडे असावं, एवढंच.

हे 'एवढंच' जॅस भाषेत, म्हणजे या नकाशांना हुकूम सोडायच्या भाषेत, लिहून बघा. क्रिएटयुनिट या फंक्शनला पाच गोष्टी लागतात: खेळाडू, सैनिकाचा चार अक्षरी कोड, एक्स, वाय आणि तोंडाची दिशा. खेळाडू शून्यापासून मोजायचे, पण एडिटरच्या खिडकीत तोच शून्य 'प्लेअर १' म्हणून मिरवतो. वर्तुळावरची जागा काढायला कॉस आणि साइन. त्यांना कोन रेडियनमध्ये हवा; तोंडाची दिशा मात्र अंशांत. एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावा एकाच ओळीत नांदवायच्या. शिवाय लोकेशन म्हणून बनवलेला प्रत्येक बिंदू काम झाल्यावर रिमूव्हलोकेशनने आपणच पुसायचा, नाहीतर तो मेमरीत ठाण मांडून बसतो. मी पुसले. एक न् एक पुसला. खेळणाऱ्याला ते कधी कळणार? पुसले नसते तरच कळलं असतं, खेळ जड झाल्यावर.

तर भाचा बसला. दरीत शिरला. सैनिक उगवले, अर्धवर्तुळात, अंशाचाही फरक नाही. मी खुर्चीमागे उभा, श्वास रोखून.

"मामा, हे असे गोल का उभे आहेत?"

"घेरलंय तुला."

"रांगेत उभे केले असतेस तर सोपं गेलं असतं ना? तुलाच."

मी गप्प. त्याने सैनिक मारले, इकडेतिकडे पाहिलं आणि दरीच्या कडेला चरणाऱ्या मेंढीवर क्लिक केलं. ती मी शोभेला ठेवली होती. पुन्हा क्लिक. पुन्हा. पुन्हा.

"अरे, पुढे दरवाजा आहे. टायमरवर उघडतो तो."

"थांब ना."

टायमर मुद्दाम घेतला होता, कारण ट्रिगरस्लीपॲक्शन या थांबायला लावणाऱ्या हुकुमावर विसंबलं तर दरवाजा त्याच्या मर्जीने उघडतो. तो अगदी ठरल्या क्षणी उघडला. बघायला कुणी नव्हतं. भाचा क्लिक करत होता, चेहरा शास्त्रज्ञासारखा गंभीर. आणि मेंढी फुटली.

"मामा!" तो खुर्चीतून उडाला. "हे तू केलंस? भारी!"

आता काय सांगायचं? प्राण्यावर क्लिक करत राहिलं की तो फुटतो, ही मूळ खेळ करणाऱ्यांची जुनी खोडी. मी "हं" म्हणालो. खोटं नाही, खरंही नाही.

"अजून आहेत का?"

"दरवाजा उघडलाय बघ."

"मेंढ्या आहेत का दरवाज्यापलीकडे?"

त्याची चूक नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. आणि खुद्द खेळाला तरी कुठे कदर आहे? एका धाग्यात, म्हणजे एका दमात चालणाऱ्या हुकमांच्या मालिकेत, फार आकडेमोड झाली की जॅस तो धागा मध्येच तोडून टाकते. निरोप नाही, तक्रार नाही, पुढच्या ओळी चालतच नाहीत. मग आपण एकेक ओळ तात्पुरती बंद करत बसायचं, नक्की कुठे मेलं ते शोधत. लोकल व्हेरिएबल, म्हणजे फंक्शनपुरती नावं, त्याच्या डोक्यावरच लिहायचे, मध्ये सुचला तर वर जाऊन या. २०१९ मध्ये लुआ भाषेची सोय झाली खरी. पण तोवर साचलेला माझा जॅस कोण उचलून नेणार?

रात्री मी झोपलो नाही. सगळ्या मेंढ्यांना 'लोकस्ट' ही क्षमता चिकटवली. कोड एलॉक. ती असली की तो प्राणी निवडताच येत नाही, म्हणजे क्लिक करा नाहीतर कपाळ आपटा, मेंढी आपली चरतेय.

सकाळी भाच्याचा मेसेज आला होता: "मामा, नवीन नकाशात बग आहे."