खरी गोम हायड्रोफोनच्या जागेत

लेख आवडला. जहाजाचा पाण्याखालचा आवाज मोजायला त्याला कायमच्या चाचणी केंद्रावर नेण्याची गरज नाही, हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) आणि तो लटकवायच्या तरंगत्या बोया गाडीत टाकून कुठेही जाता येतं, हे पटलं. पण खरी गोम, म्हणजे हायड्रोफोनची नेमकी जागा, तुम्ही दोन ओळींत उरकलीत.

पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. म्हणजे बोयांच्या घड्याळांत एका मिलिसेकंदाची तफावत पडली तरी आवाजावरून काढलेलं अंतर दीड मीटरने चुकतं. त्यात बोया लाटांवर डोलणार, खाली दोरीला लटकलेला हायड्रोफोन प्रवाहाने तिरका होणार. जीपीएस बोयाची जागा सांगतं, हायड्रोफोनची नाही! कायमच्या केंद्रात तो तळाशी पक्का बसवता येतो, इथं ती चैन नाही.

आमच्या सोलापुरात यंत्रमागाचा जुना फिटर स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगला अन् मूठ कानाला लावून बिघाड सांगतो. जहाजाचंही तसंच. चार पात्यांचा पंखा मिनिटाला 150 फेरे घेत असेल तर 10 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला दहादा, ठोका दिसतो.

कुणीतरी खाली प्रतिक्रियेत विचारलंय, उजनी धरणात चाचण्या का नाहीत? प्रश्न चुकीचा नाही. डीआरडीओची कोचीची एनपीओएल ही प्रयोगशाळा इडुक्कीतल्या कुळमावूच्या जलाशयात सोनारच्या (आवाजाने पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्रणेच्या) चाचण्या करतेच. पण उथळ पाण्यात तळावरून अन् पृष्ठभागावरून प्रतिध्वनी येऊन मोजमाप गढूळ होतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं गार, मग आवाज खाली वाकतो. आणि उजनी मायनसमध्ये गेली की बोया टाकायच्या कुठं, गाळात?