नेटिव्ह स्पीकर

गेली नऊ वर्षं मी घरी बसून कॉपीएडिटिंग करते. म्हणजे नक्की काय करते हे सासूबाईंना अजून कळलेलं नाही, त्या शेजारी सांगतात "सून कॉम्प्युटरवर लोकांच्या चुका काढते", आणि खरं सांगू का, याहून बरी व्याख्या मलाही जमलेली नाही. जगभरातले संशोधक जर्नलला, म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाला, पेपर पाठवायच्या आधी, किंवा जर्नलने तो तोंडावर मारल्यावर, इंग्रजी तपासायला एजन्सीकडे देतात. एजन्सी तो माझ्यासारख्या पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या बायकांना वाटते. पैसे शब्दावर. पोराचा डबा गेला की डायनिंग टेबल पुसायचं आणि बसायचं.

माझ्याकडे मेडिकल आणि पब्लिक हेल्थ जास्त येतं आणि त्यात आफ्रिकेतल्या फाईली भरपूर. इबादान, कुमासी, कंपाला, किसुमू, जिम्मा. ही नावं मी आधी नकाशात सुद्धा बघितलेली नव्हती, आता कुठे पाऊस कधी पडतो आणि कुठल्या हॉस्पिटलात किती खाटा हे पाठ झालंय. (खाली जे लिहिलंय त्यात विषय, गावं वगैरे इकडची तिकडे केलीत, कोणी ओळखायचा प्रयत्न करू नका, ओळखता येणार नाही.)

तर नायजेरियातल्या एका तरुण बाईंची फाईल आली. सोबत रिव्ह्यूअरची, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाची, कॉमेंट जोडलेली होती. हा पेपर एखाद्या नेटिव्ह इंग्लिश स्पीकरकडून, म्हणजे मातृभाषाच इंग्रजी असलेल्याकडून, तपासून घ्यावा, असं साहेबांचं म्हणणं. आता गंमत बघा. नायजेरियाची सरकारी भाषा इंग्रजी, इबादानचं विद्यापीठ १९४८ साली सुरू झालं तेच मुळी लंडन विद्यापीठाचं कॉलेज म्हणून, बाई बालवाडीपासून पीएचडीपर्यंत इंग्रजीत शिकलेल्या. आणि हे इंग्रजी तपासणार कोण तर मी, कराडजवळच्या झेडपीच्या शाळेतली, जिला पाचवीत गेल्यावर ए बी सी डी गिरवायला दिली आणि जी अजून 'इन' का 'ऑन' हे गुगल करून बघते! मी फाईल पूर्ण वाचली. अकरा स्वल्पविराम घातले, दोन काढले. बाकी हात लावण्यासारखं काहीच नव्हतं. एजन्सीने छान लेटरहेडवर सर्टिफिकेट दिलं की भाषा तपासली आहे, आणि पेपर पुढच्या राउंडला गेला. म्हणजे त्या रिव्ह्यूअरला इंग्रजी खटकलं नव्हतं, त्याला लेखिकेचं आडनाव खटकलं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणाला पटो न पटो.

आणि हे एकदा नाही झालं. आता मी फाईल उघडायच्या आधी सांगू शकते कॉमेंट काय असणार. दुसरी ठरलेली कॉमेंट म्हणजे "शीर्षकात देशाचं नाव घाला". बॉस्टनच्या एका हॉस्पिटलातल्या दोनशे बायकांवर अभ्यास केला तर शीर्षकात नुसतं "गरोदर स्त्रियांमधला अ‍ॅनिमिया". किसुमूच्या हॉस्पिटलातल्या दोनशे बायकांवर केला तर "पश्चिम केनियातल्या एका रुग्णालयातील". वर पुन्हा विचारणार, हे निष्कर्ष इतरांना लागू पडतील का? अहो मग बॉस्टनचे किसुमूला कसे लागू पडतात? ते कोणी विचारत नाही. बॉस्टनची बाई म्हणजे बाई, किसुमूची बाई म्हणजे केस स्टडी.

एक गोष्ट मात्र मला खरंच सुधारावी लागते आणि तिच्यावरून मी खूप काही शिकले. इंग्रजीतल्या 'ही' (तो) आणि 'शी' (ती) ची अदलाबदल. पेशंट बाई असते आणि दोन ओळींनी तिचा 'ही' होतो. सुरवातीला मला वाटायचं किती हा निष्काळजीपणा. मग कळलं की स्वाहिलीत, योरुबात तो आणि ती असा फरकच नाहीये, दोघांना एकच शब्द. आपल्याकडे तर नुसतं "गेलो" का "गेले" म्हटलं तरी बोलणारा पुरुष का बाई ते कळतं, क्रियापदसुद्धा लुगडं नाहीतर धोतर नेसून येतं. योरुबात भावंडांनाही दादा-ताई असं नाही, मोठं ते एग्बोन, धाकटं ते अबुरो, मुलगा का मुलगी हा प्रश्न नाही, आधी कोण जन्मलं एवढाच प्रश्न. ओयेरोंके ओयेवुमी नावाच्या नायजेरियन समाजशास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांनी १९९७ मधे याच्यावरच अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की योरुबा समाजाची मांडणी वयाच्या मानावर होती, बाई-पुरुष ही उतरंड तिथे पाश्चात्त्यांनी आपल्या चष्म्यातून पाहिली आणि मग वसाहतीच्या कायद्यांनी ती पक्की केली. त्यांच्या म्हणण्यावर आफ्रिकेतल्याच दुसऱ्या स्त्रीवादी अभ्यासकांनी भरपूर टीका केलीय, एवढंही गुळगुळीत नव्हतं काही म्हणून, आणि मलाही ते सगळं पटतं असं नाही. पण मुद्दा बघा ना, आपल्या आईच्या भाषेतून एका बाईने अख्खा सिद्धांत उभा केला, आणि मी बसलेय त्याच भाषेच्या खुणा चूक म्हणून लाल करत.

काल मावशीचा फोन होता, तिला हे सांगत होते तर म्हणाली, "अगं पण तिकडे बायका पीएचडी बिचडी करतात?" मावशी, युनेस्कोचे २०१९ चे आकडे आहेत, सहाराच्या खालच्या आफ्रिकेत संशोधकांमधे बायका जवळजवळ ३२ टक्के. आणि आपण ज्या दक्षिण आणि पश्चिम आशियात मोडतो तिथे साडेअठरा. आता बोल. फोनवर जरा वेळ शांतता, मग म्हणाली कैरीचं लोणचं पाठवतेय.

अर्थात टक्के म्हणजे सगळं छान असं नाही. युगांडातल्या मकेरेरे विद्यापीठाचं ब्रीदवाक्य आधी होतं, "आपण पुरुष होऊ या". १९४५ मधे पहिल्या सहा मुलींना प्रवेश दिला तेव्हा लक्षात आलं की हे बरं दिसत नाही, मग बदलून "आम्ही भविष्यासाठी घडवतो" केलं. वाक्य बदलायला एक मीटिंग पुरते हो. माणसं बदलायला नाही. त्याच मकेरेरेत स्टेला न्यांझी या मेडिकल अँथ्रोपॉलॉजिस्ट बाईंचा त्यांच्या संस्थेच्या संचालकांशी वाद झाला, ऑफिसला कुलूप लागलं, तर २०१६ मधे त्यांनी तिथेच कपडे उतरवून निषेध केला. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींवर जहरी फेसबुक पोस्ट टाकली म्हणून ३३ दिवस तुरुंग, आणि २०१९ मधे परत, यावेळी एका कवितेसाठी १८ महिन्यांची शिक्षा. त्यांची भाषा मला झेपत नाही, मी तशी कधी लिहिणार नाही. पण मी ही पोस्ट टाकून मुकाट्याने आमटीला फोडणी द्यायला जाणार आहे आणि त्या एका पोस्टवरून आत गेल्या, हे काही डोक्यातून जात नाही.

वांगारी माथाई सगळ्यांना माहीत असतात, झाडं लावणाऱ्या, २००४ चं शांततेचं नोबेल. पण त्यांची पहिली ओळख झाडांची नाही, त्या जनावरांच्या शरीररचनेच्या संशोधक होत्या. अमेरिकेतून मास्टर्स करून १९६६ च्या जानेवारीत नैरोबीला परतल्या, हातात विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या प्रोफेसरचं नोकरीचं पत्र. हजर व्हायला गेल्या तर सांगितलं, जागा दुसऱ्याला दिली. तो दुसरा प्रोफेसरच्याच जमातीतला. आपण बाई आहोत हेही कारण असावं, असं त्यांनी पुढे लिहिलंय. (ओळखीचं वाटतंय ना? पोस्ट निघते, मुलाखतीचं पत्र येतं, आणि उमेदवार आधीच ठरलेला असतो.) शेवटी जर्मनीतून आलेल्या एका प्रोफेसरने त्यांना पशुवैद्यकच्या विभागात घेतलं, आणि १९७१ मधे त्या पूर्व आणि मध्य आफ्रिकेतल्या पहिल्या पीएचडी बाई झाल्या. त्यानंतरचं भांडण तर अगदी आपल्या स्टाफरूममधलं, पुरुष प्राध्यापकांना मिळतात तसे घर, पेन्शन वगैरे फायदे बायकांनाही द्या. १९८२ मधे निवडणूक लढवायला राजीनामा दिला, तांत्रिक कारण काढून उमेदवारी बाद केली, परत गेल्या तर विद्यापीठाने घेतलं नाही आणि राहतं क्वार्टरही गेलं.

पण माझ्या धंद्यात मला त्यांची एक गोष्ट रोज आठवते ती आडनावाची. नवऱ्याचं नाव मथाई. घटस्फोट झाल्यावर तो म्हणाला माझं नाव लावायचं नाही. त्यांनी मधे एक 'अ' जास्तीचा घातला आणि माथाई झाल्या, विषय संपला! संदर्भयादी तपासताना एकच बाई दोन नावांनी आली की मला कळतं की इथे लग्न झालंय नाहीतर मोडलंय. लग्नाआधीचे तीन पेपर एका बाईचे, नंतरचे पाच दुसरीचे, आणि सर्चमधे दोघी अर्ध्या अर्ध्या. माझं स्वतःचं एमएस्सीचं सर्टिफिकेट एका नावाचं आणि पॅन कार्ड दुसऱ्या नावाचं आहे, त्यामुळे मी अशी क्वेरी (लेखकाला विचारायचा प्रश्न) जरा प्रेमाने लिहिते.

पैशाचं बोलायलाच हवं. ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे पेपर जगाला फुकट वाचता येतो, पण तो छापायचे पैसे बरेचदा लेखकाने द्यायचे. नेचरने २०२० च्या शेवटी आपला दर जाहीर केला, ९,५०० युरो. साध्या जर्नललाही दोनेक हजार डॉलर कुठे गेले नाहीत. गरीब देशांना माफी असते पण देश कुठल्या यादीत बसतो त्यावर सगळं. आणि डॉलर म्हणजे काय हे नायजेरियातल्या पोरींना विचारा. २०२३ च्या जूनमधे नायराचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, दर मोकळा सोडला, तेव्हा डॉलरला पावणेपाचशेच्या आसपास होता, वर्षभरात दीड हजारावर गेला. पेपर तोच, फी तीच, पण पगारातून जाणारा आकडा तिप्पट. त्याच्या आदल्या वर्षी प्राध्यापकांचा संप, १४ फेब्रुवारीला सुरू झाला तो आठ महिने चालला. तेव्हा एका पीएचडीच्या मुलीने मुदत मागितली होती, लॅब बंद, सॅम्पल फ्रीजरमधे, आणि जनरेटरच्या डिझेलला पैसे कोण देणार. दक्षिण आफ्रिकेतल्या एका मुलीच्या मेलमधे तर चक्क "लोडशेडिंग" असा शब्द होता, त्यांच्याकडेही हाच शब्द! मी उत्तर पाठवलं, आमच्याकडे पण हेच म्हणतात, दहावीचा अभ्यास मी त्याच्यावरच केलाय. तिने तीन हसणारे चेहरे पाठवले. आमच्या कामात लेखकाशी एवढं बोलायची परवानगी नसते खरं तर.

व्हिसाचं एकच सांगते. २०१८ मधे कॅनडात एआयची मोठी परिषद होती, कृष्णवर्णीय संशोधकांच्या कार्यशाळेला येणाऱ्या शंभराहून जास्त लोकांना व्हिसाच नाकारला. त्या कार्यशाळेमागच्या एक बाई म्हणजे टिमनिट गेब्रू, इथिओपियातल्या अदिस अबाबात जन्मलेल्या, ज्यांना पुढे गुगलमधून जावं लागलं. मग अशाच दुसऱ्या एका परिषदेने ठरवलं की आपणच आफ्रिकेत जाऊ, २०२० ला अदिस अबाबा, तर कोविड आला. शेवटी २०२३ मधे रवांडातल्या किगालीला झाली.

आता ज्याच्यासाठी एवढं लांबण लावलं ते लिहिते.

एक फाईल आली होती, माता आरोग्यावर, युरोपातलं एक विद्यापीठ आणि आफ्रिकेतलं एक मिळून. क्लायंटने चुकून ट्रॅक चेंजेस चालू असलेली फाईल पाठवली. म्हणजे आधीच्या व्हर्जनमधलं काय काय खोडलं ते सगळं लाल रेघेत दिसत होतं. लेखकांच्या ओळीत दुसऱ्या नंबरवर एक नाव होतं, तिथलंच, बाईचं. लाल रेघ. ते सहाव्या नंबरवर गेलं. पुढच्या तारखेला तिथूनही लाल रेघ. मी आभाराचा परिच्छेद बघितला, तिथे "आणि संपूर्ण फील्ड टीमचे आभार". नाव नाही. मेथड्समधे, म्हणजे अभ्यास कसा केला त्या भागात, मात्र तिची आद्याक्षरं राहून गेली होती, ६४ मुलाखती हिने घेतल्या, स्थानिक भाषेतून भाषांतर हिने केलं. ६४! प्रत्येक मुलाखत तास-सव्वातासाची. बाळ गेलेल्या आयांच्या.

नियम काय आहे तर मेडिकल जर्नलांची एक जागतिक समिती आहे, तिने लेखक कोणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्यात, कामात मोठा वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात भाग, अंतिम मंजुरी, आणि जबाबदारी. चारही हव्यात. आता जिने गावोगाव फिरून मुलाखती घेतल्या तिला मसुदाच पाठवला नाही तर दुसरी अट ती पूर्ण करणार कशी? समितीनेच स्पष्ट लिहिलंय की अशी संधी नाकारून कोणाला बाद करू नका. लिहिलंय. वाचतं कोण.

मी बाजूला क्वेरी टाकली, कृपया लेखकांची यादी अंतिम आहे का ते कन्फर्म करावे. दुसऱ्या दिवशी उत्तर, "कन्फर्म्ड". एका शब्दाचं. मला त्या बाईंचा मेल माहीत नव्हता, माहीत असता तरी करारात गोपनीयतेचं कलम आहे, आणि ईएमआय आहे. मी राइट क्लिक केलं, अ‍ॅक्सेप्ट चेंज केलं, लाल रेघ गेली आणि ओळ एकदम स्वच्छ दिसायला लागली. मग मेथड्समधली आद्याक्षरं. कारण लेखकांच्या यादीत नसलेली आद्याक्षरं मजकुरात ठेवायची नाहीत, स्टाईल गाईडमधे आहे. ती मीच काढली. कोणी सांगितलं नव्हतं, मी काढली.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, तू नसती काढली तर दुसरीने काढली असती. हो, काढली असती.

आता मी क्वेरीचं वाक्य बदललंय. लेखकांची यादी अंतिम आहे का असं विचारत नाही. आधीच्या व्हर्जनमधलं अमुक नाव या व्हर्जनमधे नाही, त्या व्यक्तीची लेखी संमती आहे का, असं विचारते. एजन्सीच्या मॅनेजरने एकदा हळूच सुचवलं की हे आपल्या स्कोपमधे येत नाही. आतापर्यंत तीन वेळा लिहिलं. दोनदा "कन्फर्म्ड" आलं. एकदा चार दिवस काहीच आलं नाही, आणि मग नवीन फाईल आली, तिच्यात नाव परत होतं, चौथ्या नंबरवर, स्पेलिंग चुकलेलं. ते मी दुरुस्त केलं.