बझरची वायर तोडू नका, मामा

रविवारी सकाळी सहालाच मामांचा मेसेज. ‘बोटीचं इंजिन फुल स्पीड घेत नाही? मेस्त्रीची गरज नाही, हे पाच घरगुती उपाय करा आणि पुढं पाठवा.’ हा मेसेज महिनाभर सगळीकडं फिरतोय, मी दोनदा डिलीट केलाय. या वेळी मात्र खाली मामांची स्वतःची ओळ होती: ‘पहिला केला. बघूया.’

पहिला उपाय म्हणजे बझरची, म्हणजे इंजिनाच्या धोक्याच्या भोंग्याची, वायर तोडणे! चहा तसाच टाकून गाडी काढली.

मामा शिरोळ तालुक्यातले. गावच्या पुराच्या बोटीचं ४० एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन त्यांच्या ताब्यात असतं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांला गेलं की इशारा, ४३ ला धोका. त्या दिवसांत उद्यमनगरात मेस्त्री शोधत कोण फिरणार? म्हणून मे महिन्यातच ट्रायल घेतात. यंदा इंजिन ३००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर जाईना आणि बझर थांबेना.

मेसेज म्हणतो, ‘बझर वाजला की इंजिन आपोआप दबतं. वायर काढा, इंजिन मोकळं होतं.’ यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच दुसरं खपतं. इंजिन तापलं किंवा ऑइलचं प्रेशर पडलं, की बरीच फोर-स्ट्रोक इंजिनं स्वतःचे आरपीएम स्वतःच खाली आणतात. ते काम बझर करत नाही. तो फक्त ओरडून सांगतो. वायर तोडल्यावर आरपीएम होते तिथंच राहिले, फक्त शांतता झाली. त्या शांततेत मामा वीस मिनिटं नदीत फिरून आले होते. भर पुरात, बोटीत माणसं असताना पिस्टन जाम झाला असता तर?

मागं बघितलं तर इंजिनातून पाण्याची जी धार पडते ती करंगळीएवढी पाहिजे, इथं सुतळीएवढी होती. खालच्या जाळीत जलपर्णीची मुळं आणि गुटख्याची पुडी. ती काढली, धार थोडी वाढली. पाण्याचा पंप उघडला तर रबरी इम्पेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्राची, दोन पाती तुटलेली. इम्पेलर बदलला, पाण्याची वाट साफ केली, बझर गप्प झाला.

दुसरा उपाय वाचून मी खरंच हसलो. ‘जास्त पिचचा पंखा लावा, स्पीड वाढेल.’ पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पाण्यात किती इंच पुढं सरकेल तो आकडा. आधीच दम लागलेल्या इंजिनाला मोठं पिच म्हणजे पन्हाळ्याचा घाट टॉप गिअरला चढवणं. एक इंच पिच वाढवलं की साधारण १५० ते २०० आरपीएम कमी होतात. इथं इंजिनाची पुस्तिका उघडावी. मामांच्या पुस्तिकेत फुल थ्रॉटलला, म्हणजे पूर्ण रेस दिल्यावर, ५००० ते ६००० लिहिलंय. नेहमीचा लोड घालून आकडा त्याच्या खाली राहत असेल आणि इंजिन ठणठणीत असेल, तर पिच कमी करायचं. वर जात असेल तरच वाढवायचं. बोटीवर मीटर नसेल तर प्लगच्या वायरीला गुंडाळायचा टॅकोमीटर मिळतो. त्याचं सेटिंग तेवढं बघून घ्या, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो.

आणि मेसेजवाल्याला ‘स्पीड’ म्हणजे कोणाचा, इंजिनाचा की बोटीचा, हेच कळलेलं नाही. इंजिन रेस घेतंय पण बोट हलत नाही, हा वेगळाच आजार. तेव्हा पंख्यातला रबरी बुश घसरतोय का बघा: बुशच्या आतल्या-बाहेरच्या भागावर नेलपॉलिशची एक सरळ रेघ मारा, फेरी मारून या. रेघ तुटली तर बुश गेला.

तिसरा उपाय, ऑइल दुप्पट घालणे: मामांच्या इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल घालायचंच नसतं. टू-स्ट्रोकवाल्यांनीही पुस्तिकेत ५०:१ (पन्नास भाग पेट्रोल, एक भाग ऑइल) असेल तर ५०:१ च ठेवावं, जादा ऑइलनं प्लग काळे होतात. चौथा, थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) काढणे: तुटकी पाती त्यानं जुळत नाहीत.

पाचवा मुद्दा इथेनॉलचा. मान्य करायला जड जातं, पण यात थोडं तथ्य आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं, आणि वर्षभर टाकीत पडून राहिलं तर पाणी-इथेनॉल तळाला वेगळं बसतं. (ऊस आपलाच, तक्रार कुणाकडं करणार?) पण त्यावर ‘थोडं रॉकेल मिसळा’ हा उपाय? रॉकेलनं ऑक्टेन पडतं, इंजिन ठोकायला लागतं. जुनं पेट्रोल काढून टाका, फिल्टर बदला, बास.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का, थ्रॉटलची केबल शेवटपर्यंत जाते का, हे फुकटात बघता येतं. त्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही.

दुपारी परत ट्रायल घेतली. सहा माणसं बसवून ५४०० लागले. मामा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, “वायर तेवढी जोड रे.” टेप नाही गुंडाळली, सोल्डर करून दिली.