मिटिंग सोडायची, तर तिच्या जागी काय?

मावशीचा फोन रविवारी सकाळी येतो, म्हणजे इथल्या शनिवारी रात्री. गेल्या महिन्यात तिने सरळच विचारलं, "तू इतकी वर्षं घेतली नाहीस, तूच सांग बाबा. सात महिने झाले त्याला. आता अजून त्या मिटिंगांना पाठवायची काय गरज आहे?"

'तो' म्हणजे माझा मावसभाऊ. नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मदतगटाच्या, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, मिटिंगला जातो. यावर त्यांच्या घरात तीन मतं आहेत. मावशी म्हणते, पोरगं बरं झालंय, मग सारखं त्याच लोकांत बसून खपली कशाला काढायची? शिवाय मिटिंगच्या बाहेर लावलेली त्याची गाडी सिडकोतले निम्मे लोक ओळखतात. त्याची बायको म्हणते, मिटिंगहून आला की मुलीशी नीट बोलतो, एरवी तुसड्यासारखं वागतो, तेव्हा जाऊ द्या त्याला. आणि त्याचं स्वतःचं म्हणणं असं : "दादा, दीड तास नुसतं दारूचंच बोलणं. मला दारू विसरायची आहे, आणि तिथे बसून तिचीच उजळणी करायची?"

त्याचा हा मुद्दा मला खोटा वाटत नाही. मलाही असंच वाटायचं.

मी राहतो अ‍ॅक्रनला. ओहायो राज्यातलं हे रबराचं गाव. सातपूरला टायरच्या कामात होतो, तोच धागा धरून २००९ साली इथे आलो, आणि २०१३ साली इथेच दारू सोडली. योगायोग असा की एए याच गावात जन्मली. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस धंद्याच्या कामासाठी इथे आला. काम फसलं. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते आणि हॉटेलच्या बारमधली गजबज त्याला लॉबीत उभ्या उभ्या ऐकू येत होती. तेव्हा त्याने गावातल्या पाद्र्यांना फोन लावायला सुरुवात केली. आपली समजूत घालणारं कुणी तो शोधत नव्हता, त्याला दुसरा पिणारा माणूस हवा होता. त्यातून त्याची गाठ पडली इथले सर्जन डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही असं ठरवून आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. १० जून १९३५ ला त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस एएचा स्थापना दिवस मानतात. आजही दर जूनमध्ये हजारो माणसं इथे येतात, डॉ. बॉब यांचं घर पाहतात, त्यांच्या थडग्याशी जातात.

ही गोष्ट मी मावसभावाला सांगितली ती गावाचं कौतुक म्हणून नाही. त्या दिवशी बिलकडे मिटिंग नव्हती. मिटिंग नावाची गोष्टच नव्हती. त्याला गरज होती ती ज्याच्यापुढे खोटं बोलून उपयोग नाही अशा एका माणसाची. मिटिंग ही त्या गरजेभोवती नंतर उभी राहिलेली सोय आहे.

तेव्हा मिटिंग आवश्यक आहे का, याचं माझं प्रामाणिक उत्तर 'नाही' असं आहे. प्रत्येकाला नाही. अमेरिकेत एक मोठी राष्ट्रीय पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००५ साली आले. आयुष्यात कधीतरी दारूच्या आहारी गेलेल्यांपैकी साधारण एक चतुर्थांश लोकांनीच कुठल्याही प्रकारची मदत घेतली होती, एएसारख्या बारा पायऱ्यांच्या मिटिंगा धरून. बाकीच्यांत कित्येकजण तसेच सावरले. दुसरीकडे, २०२० साली वैद्यकीय अभ्यास एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं तपासून सांगितलं की रीतसर आखलेल्या कार्यक्रमातून ज्यांना एएकडे नेलं, त्यांच्यातले ४२ टक्के वर्षभरानंतरही दारूपासून पूर्ण लांब होते, तर इतर उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. फरक आहे, आणि तो मोलाचा आहे. पण हेही बघा की मिटिंगकडे नेलेल्या शंभरातले अठ्ठावन्न त्या ४२ मध्ये नाहीत. दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे बोलणाऱ्यांनी हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

मी स्वतः २०१६ मध्ये मिटिंगला जाणं सोडलं होतं. काही भांडण नाही, काही नाही. काम वाढलं, कंटाळा आला, तेच ते ऐकून कान किटले. चौदा महिने गेलो नाही आणि चौदा महिने प्यायलोही नाही. त्या काळात कुणी विचारलं असतं तर मीही मावशीच्याच बाजूने बोललो असतो.

मग जानेवारीत वडील गेले. नाशिकला आलो. दहाव्याला रामकुंडावर विधी झाले, डोकं भादरलं, पिंडाला कावळा शिवायला वेळ लागला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. घर माणसांनी भरलेलं. रात्री जवळच्याच एका नातेवाईकाने गच्चीवर बोलावलं आणि प्रेमाने म्हणाला, "दहा दिवस झोपला नाहीस. थोडीशी घे, झोप लागेल." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. घरात त्या वेळी तीस माणसं असतील, त्यातल्या एकालाही मी सांगू शकलो नाही की मला आत्ता ती थोडीशी हवी आहे, फार हवी आहे. आईला सांगितलं असतं तर तिच्यावर दुसरं दुःख कोसळलं असतं. भावाला सांगितलं असतं तर तो रात्रभर माझ्यावर पहारा देत बसला असता. मी खाली उतरलो आणि अ‍ॅक्रनला माझ्या जुन्या स्पॉन्सरला, म्हणजे एएत मला सांभाळून घेणाऱ्या अनुभवी सदस्याला, फोन लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते. चौदा महिने मी त्याच्याशी बोललो नव्हतो. कुठे होतास, असं त्याने विचारलं नाही. "तुझ्या गावात मिटिंग असेल, शोध," एवढंच म्हणाला.

ती सापडली. शाळेचा वर्ग, लहान मुलांची बाकं, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता. एक रिक्षावाले काका, एक निवृत्त मास्तर, कारखान्यातला विशीतला पोरगा, असे आठ-नऊ जण. माझं टक्कल पाहून काकांनी फक्त एवढंच विचारलं, "कोण गेलं?" मी बोललो. रडलोही. त्या वर्गात मला कुणी 'अमेरिकेचा' समजलं नाही. नंतर कोपऱ्यावरच्या टपरीवर अर्धा-अर्धा कप चहा झाला.

हे सांगताना मला भीती वाटते की कुणी म्हणेल, बघा, शेवटी मिटिंगच कामाला आली. तसं नाही. माझ्या मामांनी एकही मिटिंग पाहिली नाही. आमच्या लहानपणी ते भद्रकालीतून कसे घरी यायचे ते सगळ्या गल्लीने पाहिलंय. एका पौषवारीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे त्यांनी तुळशीची माळ घातली आणि त्यानंतर मरेपर्यंत थेंब घेतला नाही. आमच्याकडे अशी हजारो घरं आहेत. 'माळकरी झाला' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. मावशीही मला तेच म्हणते : माळ घाल म्हणावं त्याला, मिटिंगपेक्षा ते बरं.

पण मामांना एकट्या माळेने धरून ठेवलं असं मला वाटत नाही. दर एकादशीला भजन, हरिनामाचा सप्ताह, वारीत ठरलेली दिंडी, टाळ हातात नसेल तर 'आज माउली दिसले नाहीत' म्हणून घरी येणारा माणूस. एका अर्थी तेही नेमाने मिटिंग करत होते. फरक पडतो तो पडल्यावर. एएमध्ये मधेच प्यायलेला माणूस परत येतो, 'आज माझा पहिला दिवस' म्हणतो आणि लोक टाळ्या वाजवतात. माळ घालून प्यायलेला माणूस माळ काढून खुंटीला लावतो आणि बहुधा मंडळीत तोंडच दाखवत नाही. त्याला परत बोलावणारे बुवा मी पाहिले आहेत, फार थोडे. आणि दिंडीत कुणी तुम्हाला विचारत नाही की बायकोवर हात उचलला होता का. शाळेच्या त्या वर्गात मात्र ते आपणहून सांगावं लागतं.

इथे अ‍ॅक्रनमध्ये मिटिंग सोडणं सोपं आहे, कारण सोडून जायला दुसऱ्या जागा आहेत. आठवड्याचा कुठलाही दिवस घ्या, कुठल्या ना कुठल्या चर्चच्या तळघरात खुर्च्या मांडलेल्या असतात. एएच्या पायऱ्यांत येणारं देवाचं नाव नको असेल तर १९९४ पासून चालणारी स्मार्ट रिकव्हरी ही संस्था आहे. फक्त बायकांसाठी १९७५ पासून वेगळी संस्था आहे. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं कुठलाही साधा डॉक्टर लिहून देऊ शकतो. इथलं सगळंच चांगलं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. पिऊन गाडी चालवली म्हणून न्यायाधीश माणसाला मिटिंगला पाठवतात, मग तो मागच्या खुर्चीत बसून चिठ्ठीवर सही मिळण्याची वाट पाहतो. अशी सक्ती धर्मस्वातंत्र्याच्या विरोधात आहे असं १९९६ पासून इथल्या काही वरिष्ठ न्यायालयांनी म्हटलं आहे, आणि ते बरोबरच आहे. सक्तीने बसवलेल्या माणसाला त्या खोलीतून काही मिळताना मी क्वचित पाहिलं.

नाशिकमध्ये उलट आहे. २०१९ साली एम्सच्या केंद्राने देशभरची पाहणी प्रसिद्ध केली. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो, असं त्यात दिसलं. उरलेल्या ३७ जणांसाठी आपल्याकडे काय आहे? रिक्षांच्या मागे आणि भिंतींवर 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती. जेवणात गुपचूप कालवलेल्या गोळीत डायसल्फिराम असेल आणि त्यावर त्या माणसाने दारू घेतली, तर छातीत धडधड होऊन रक्तदाब कोसळू शकतो, जीवही जाऊ शकतो. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत झटके, भ्रम येऊ शकतात. डॉक्टर हवाच. हे मी प्रत्येक घरात ओरडून सांगायला तयार आहे.

आपल्याकडे वाद होतात ते बाटलीवर. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा मी इथे बसून नाशिकच्या बातम्या वाचत होतो. द्राक्षवाल्याच्या पदरात काय पडेल, बायकांच्या डोक्याला किती ताप होईल, गडचिरोलीची बंदी टिकली पण चंद्रपूरची २०२१ मध्ये का उठली, सगळ्यावर चर्चा झाली. दोन्ही बाजू मला समजतात, माझ्या आजोळी द्राक्षबाग आहे. पण ज्याने सोडली आहे, त्याने संध्याकाळी सात वाजता कुठे जायचं, यावर त्या सगळ्या गदारोळात मला एक ओळ वाचायला मिळाली नाही. बाईने सोडली असेल तर तिने कुठे जायचं, हा प्रश्न तर उच्चारलाही गेला नाही. त्या शाळेच्या वर्गात मी चार वेळा बसलो, एकदाही बाई दिसली नाही. नाशिकमध्ये पिणाऱ्या बायका नाहीत म्हणून नव्हे.

म्हणून मावसभावाला मी वेगळं सांगितलं, आणि मावशीला वेगळं.

त्याला म्हणालो, सोडायची तर सोड. पण आधी मला दोन माणसं दाखव. रात्री अकरा वाजता तू फोन केलास आणि म्हणालास 'आत्ता प्यावंसं वाटतंय', तर जी रडणार नाहीत, ओरडणार नाहीत आणि 'एक घे, काही होत नाही' असंही म्हणणार नाहीत, अशी दोन माणसं, त्या वर्गाबाहेरची. भजनी मंडळातली चालतील. जॉगिंग ट्रॅकवरची चालतील. डॉक्टर असेल तर उत्तम. आणि पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत हा निर्णय एकट्याने घेऊ नकोस. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, वर्गाबाहेरचा एकही नाही."

मावशीला सांगणं अवघड होतं. "तू त्याची आई आहेस," मी म्हणालो, "तुला तो कधीच सगळं सांगणार नाही. तुझी माया कमी आहे म्हणून नाही, जास्त आहे म्हणून." तिला ते लागलं. तीन रविवार फोन आला नाही. (हे मी नाव न घालता लिहितो आहे, कारण वर्तमानपत्रांत आणि जाहीर माध्यमांत नाव न सांगणं ही एएच्या बारा परंपरांतली अकरावी आहे. आणि त्याची गाडी ओळखणारे लोकही वाचणारच.)

सध्या तो मंगळवारची मिटिंग सोडून मुलीला पोहायला नेतो, शुक्रवारची धरून आहे. शुक्रवारी साडेआठनंतर त्याचा मला फोन येतो, तेव्हा मी सकाळच्या कामात असतो. या शुक्रवारी आला नाही. अकरापर्यंत मी कसाबसा दम धरला, मग मीच लावला. मावशीने उचलला. "अजून आला नाही रे," ती म्हणाली, "रिक्षावाले काका आहेत ना त्यांच्यातले, त्यांच्या मुलीचं ठरलं. सगळे चहाला थांबलेत. मीच म्हटलं, पेढे घेऊन जा."