अधीक्षकाची सही

काल कट्ट्यावर मास्तरांनी बसायच्या आधीच पिशवीतून संमतीच्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. मास्तर नाशिकच्या पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेचे अधीक्षक. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासासाठी मुलांचं रक्त घ्यायला सोमवारी पथक येणार आहे आणि पालकांच्या रकान्यात सह्या त्यांनीच करायच्या, असं सांगून गेलंय.

"दाखल्यापासून सहलीपर्यंत सही माझीच असते. रात्री दोनला पोर तापलं तर दवाखान्यात कोण नेतं?"

"तो उपचार झाला," वकील म्हणाला. "तिथं थांबलात तर पोराच्या जिवावर बेतेल. अभ्यासातून त्याच पोराला काही मिळेलच असं नाही. मुलं तुमच्या ताब्यात आहेत मास्तर, पण तुम्ही त्यांचे पालक नाही."

मग खम्ममचा विषय निघाला. तो निघायलाच हवा होता. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत बडोद्याकडे दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एका अभ्यास-प्रकल्पात एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची, लस दिली गेली. २०१० मध्ये ते काम थांबवलं. पुढे संसदेच्या समितीने २०१३ च्या अहवालात आकडे मांडले: आंध्रातले संमतीचे ९,५४३ फॉर्म, त्यांतल्या २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या आणि १,९४८ वर नुसते अंगठे. त्या काळात काही मुली दगावल्या होत्या; ते मृत्यू बहुधा लशीमुळे नव्हते, असं चौकशीत निघालं, पण म्हणून त्या सह्या बरोबर ठरत नाहीत.

मास्तर गप्प झाले. अण्णा मात्र पेटले. "बाप निफाडला द्राक्षाच्या कामावर. त्याला गाठायचं कुठं? अशानं आदिवासी पोरांच्या आजारावर अभ्यासच होणार नाही. मग औषध कुठून येणार?"

अण्णांची ही काळजी खरी आहे, आणि ती मलाही आहे. पण पालकाचं दार लांब पडतं म्हणून त्याची सही दुसऱ्याच्या दारात जाऊन घेतली तर कसं चालेल?

"आई आहे ना घरी?" वकिलाने विचारलं. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात आधी बाप, 'त्याच्यानंतर' आई. तो अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, पण दिशा दाखवतो. पण गीता हरिहरन खटल्यात १९९९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, 'नंतर' म्हणजे तो मेल्यावरच असं नव्हे. तो लांब असेल, लक्ष देत नसेल, तरी आई पालक. आयसीएमआरची, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय परिषदेची, २०१७ ची तत्त्वंही जोखीम किरकोळ असेल तर एका पालकाची संमती पुरेशी मानतात. जोखीम जास्त आणि पोराला फायदा नाही, तिथं दोघांची लागू शकते.

"आणि पोराला विचारलं का?" मी म्हणालो. सात ते अकरा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार पालकांसमोर घ्यायचा, बारापासून पुढे लेखी. आईचा अंगठा असला, तरी पोर नाही म्हणालं तर त्या 'नाही'ला मान द्यायचा.

मास्तर फॉर्म उलटून पाहत होते. "हे मराठीत आहे. आया कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. आठवीतल्या पोरी वाचून सांगतील?"

"नको. अंगठा लावणारीला समजावताना तिऱ्हाईत साक्षीदार हवा, वाचता येणारा, आणि पथकातला नको."

मास्तरांनी तिथूनच फोन लावला. "सोमवार नको. बाजाराच्या दिवशी या, आया पोरांना भेटायला येतात. आणि कोकणा बोलणारं कुणी तरी बरोबर आणा."